मेलेल्या बदकांचा गुन्हा

त्या घटनेला तीस-पस्तीस वर्षे होऊन गेली, तरी ती माझ्या मनातून हललेली नाही. निवृत्त होऊन पिंप्राळ्यात घर बांधल्यापासून शेजारची मंडळी अधूनमधून म्हणतात, "साहेब, एखादी भारी केस सांगा." त्यांना दरोडा हवा असतो, नाहीतर खून. मी बदकांची केस सांगायला घेतो आणि ते हिरमुसतात. हिरमुसू देत. खुनाच्या तपासात मी कधी इतका चुकलो नाही, आणि कुठल्या दरोड्याच्या तपासानंतर मला इतके सुटल्यासारखेही वाटले नाही. नावे कोणाचीच सांगणार नाही. त्यातली काही माणसे अजून आहेत, आणि जी नाहीत त्यांची मुले आहेत.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. मी फौजदार होतो आणि शिंदखेडा तालुक्यातल्या एका लहान ठाण्याचा कारभार माझ्याकडे होता. ठाणे म्हणजे तीन खोल्या, एक कोठडी, नेहमी उतारावर उभी करावी लागणारी एक जीप आणि अकरा माणसे. त्या अकरांत एक जमादार होता, नोकरीत माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी जुना. फौजदार येतात नि जातात, ठाणे जमादारच चालवतो, हे मला पहिल्याच आठवड्यात कळले होते.

हद्दीत एक जुना तलाव होता. खालच्या गावाचे पिण्याचे पाणी त्यातले, गुरांचेही त्यातलेच. दिवाळी सरली की तिथे उत्तरेकडची बदके उतरत. गावातले म्हातारे सांगत, की पूर्वी पाणी दिसायचेच नाही, नुसती बदके दिसायची. आता अर्धा तलाव भरला तरी लोक 'यंदा बरी आली' म्हणत. थंडीत दर रविवारी धुळ्याहून, दोंडाईच्याहून, कधी जळगावहून शिकारी मंडळी जीपा घेऊन येत. व्यापारी, वकील, कंत्राटदार, एखादा अधिकारी. त्या काळी परवाना काढून बदके मारता येत. पुढे कायद्याने ती शिकार बंद झाली. या मंडळींचे म्होरके एक जिनिंगवाले शेठ होते. बोलायला गोड आणि हाताने सढळ माणूस. त्यांची जागा ठरलेली होती. तलावाच्या उगवतीला पाणी उथळ होते, बदके तिथे चरायला येत, आणि तिथल्याच बांधाआडून बार निघत. शेठच्या वडिलांनीही त्याच जागेवरून शिकार केली होती. मागच्या हिवाळ्यात शेठच्या आग्रहावरून मीही तिथून दोन बार काढले होते. दोन्ही हवेत गेले. बदकाचे मटण मात्र दोनदा मागून खाल्ले. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी कोणाला नावे ठेवली तर त्यात माझेही नाव धरावे.

संक्रांत होऊन गेली होती. सोमवारची हजेरी घेऊन मी ड्यूट्या वाटत होतो, तेवढ्यात खालच्या गावचा पोलीस पाटील सायकलवरून घामाघूम होऊन आला.

"सायेब, तलावना काठवर बदकं मरी पडेल शेतस," तो म्हणाला. "पानीमा कोनी तरी जहर टाकं, अशे बठ्ठं गाव म्हनस. काल्हदिनथीन बाया पानी भराले जात नहीत."

"किती मेली?"

"मोजस कोन? रोज चार-दोन नव्या दिखतस."

मी स्टेशन डायरीत नोंद करत होतो, तोच शेठची जीप दारात थांबली. त्यांनाही बदकांविषयीच बोलायचे होते.

"साहेब, मी कोणावर आळ घेत नाही," असे म्हणून त्यांनी आळ घेतला. "त्या तलावावरच्या मासेवाल्याला विचारा. काल सकाळी आम्ही पोचलो तेव्हा तो तराफ्यावर होता आणि त्याच्या हातात कपाशीच्या औषधाचा डबा होता. आम्हाला बघितलं आणि डबा पाण्यात सोडला."

जो माणूस 'मी कोणावर आळ घेत नाही' अशी सुरुवात करतो, त्याच्या पुढच्या वाक्याकडे जरा जास्त लक्ष द्यावे. हे मी पुढे शिकलो. त्या सकाळी नुसता मान हलवत होतो.

मासेवाला म्हणजे पन्नाशीचा एक मितभाषी माणूस. गाव त्याला नाना म्हणे आणि त्याच्या बायकोला अक्का. आठ वर्षांपासून तलावातल्या मासेमारीचा ठेका ग्रामपंचायतीने त्याला दिलेला होता. मूलबाळ नव्हते, शेती नव्हती. तलावाच्या पाळेवर एक झोपडी, एक तराफा आणि जाळी, एवढाच संसार.

"हा कशाला विष घालेल?" मी जीपमध्ये जमादाराला विचारले.

"साहेब, बदकं मासे खातात. मासे गेले की याचं नुकसान. हेतू तर समोरच आहे," जमादार म्हणाला. मला ते पटले. बदक काय खाते हे आम्हा दोघांपैकी एकालाही माहीत नव्हते.

आम्ही पोचलो तेव्हा काठावर अर्धे गाव जमलेले होते. काठाने चालत गेलो तर गवतात बदके पडलेली. काही मेलेली, काही जिवंत, पण पंख छपरासारखे खाली सोडून बसलेली. माणूस जवळ गेला तरी उडत नव्हती. मला ते बघवले नाही आणि त्या न बघवण्याचा राग नानावर निघाला. झडतीत तराफ्यावर आणि जाळ्याला मिळून कीटकनाशकाचे सहा डबे सापडले. प्रत्येकावर लाल त्रिकोण, कवटी आणि हाडे. झोपडीत चुलीमागे एक गाडगे होते, त्यात बंदुकीचे शिशाचे छर्रे, गाडगे हाताला जड लागण्याइतके. बंदूक मात्र कुठेच नव्हती.

"ठासणीची असणार, पुरली असेल," जमादार म्हणाला. पंचनाम्यात सगळे लिहिले. दोन पंचांच्या सह्या झाल्या. डबे आणि गाडगे कापडात बांधून, लाखेचे सील लावून मुद्देमालात जमा केले. मेलेली चार बदके पोत्यात घातली. जीपमध्ये नानाला बसवत असताना गर्दीतून एक ढेकूळ आले आणि झोपडीच्या कुडावर फुटले. गावचे सरपंच, त्यांना सगळे आबा म्हणत, मला बाजूला घेऊन म्हणाले, "सायेब, तुम्ही याले लई जा ते बरं. उद्या दुपारले चावडीवर बठ्ठा बसतस. याना ठेका रद्द करतस आन् झोपडी बी उठाडतस." म्हणजे नाना तुरुंगात गेला नाही तरी त्याचे घर जाणारच होते.

अकराच्या सुमारास अटक दाखवली. कायद्याप्रमाणे चोवीस तासांत त्याला शिंदखेड्याच्या कोर्टापुढे उभे करणे भाग होते. ठाण्यात आणून मी त्याला समोर बसवले.

"डबे कोणाचे?"

"मनाच शेतस, सायेब."

"काय होतं त्यात?"

"काहीच नही. रिकामा शेतस."

"मग रिकामा डबा पाण्यात कशाला सोडला?"

"जाळं तरंगाले."

मी गाडग्याकडे बोट केले. "आणि हे छर्रे?"

"हाई शिसं गारामाईन धुईसन काढेल शे. मनी बायको काढस. जाळ्याना खालना आंगले बांधतस. जाळं बुडाले."

जमादार खो खो हसला. "एक तरंगायला, एक बुडायला. साहेब, जबाब चांगला जुळवलाय." मीही हसलो. चिखल धुऊन कोणी गाडगेभर शिसे काढते, ही गोष्ट ऐकायलाच हास्यास्पद होती. नाना आमच्याकडे बघत राहिला. त्याने ना हात जोडले, ना आईची शपथ घेतली. खरे बोलणारा माणूस गयावया करतो असा माझा समज होता. पुढच्या नोकरीत मी उलटेच जास्त पाहिले. खोटे बोलणारा पाच प्रकारे पटवून देतो. खरे बोलणाऱ्याला एकदा सांगितल्यावर आणखी काय सांगायचे असते, तेच त्याला कळत नाही.

जमादाराने खुंटीवरच्या पट्ट्याकडे पाहिले. "साहेब, तोंडी विचारून काही निघायचं नाही." मी नको म्हटले. त्यात माझा मोठेपणा काही नव्हता. पुराव्यावरच हा आत जाणार याची मला खात्री होती, एवढेच. तलावाच्या पाण्याचे नमुने बाटल्यांत भरून तपासणीला पाठवले. अहवाल यायला दोन महिने लागणार होते. तोवर नाना कोठडीत आणि नंतर जेलात, हे उघड होते. दिवस मावळायच्या आत मी रिमांडचा कागद स्वतःच्या अक्षरात लिहून काढला. आरोपीने सार्वजनिक पिण्याच्या पाण्यात विषारी औषध कालवून, वगैरे. माझे अक्षर चांगले आहे. तो कागद फार सुरेख दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी त्या कागदावर सही करायला पेन काढले आणि अक्का आत आली. काखेत फडक्यात बांधलेली भाकर आणि डोक्यावर घागर. रडणारी बाई आली की तिला पाणी देऊन बसवायचे, एवढे पोलिसाला जमते. ही रडत नव्हती. तिने घागर उतरवली आणि माझ्या टेबलावर, थेट रिमांडच्या कागदाशेजारी ठेवली.

"भाऊ, मधमा देखा," ती म्हणाली.

मी वाकून पाहिले. पाण्यात दोन मरळ मासे फिरत होते आणि तळाशी बारीक बारीक झिंगे उड्या मारत होते.

"हाई तलावनं पानी शे. आते भरी लई उनू. पानीमा जहर ऱ्हातं ते पहिले मासा मरतात, भाऊ. झिंगा ते घडीभर बी जगता नहीत. मना मालक आठ वरीस ज्या मासावर पोट भरस, त्यासना पानीमा जहर टाकी का? सोताना पोटवर कोन पाय देस?"

"कुठल्या तरी विहिरीचं पाणी असेल," जमादार दारातून म्हणाला.

अक्काने त्याच्याकडे मान वळवली. "मंग चाला मनासंगे. तुम्हीच भरा. मासा बी तुम्हीच धरा."

मी घागरीत बघत राहिलो. आदल्या दिवशी दोन तास मी त्या काठाने फिरलो होतो, सात पानांचा पंचनामा लिहिला होता. त्यात मेलेली बदके होती, मरायला टेकलेली बदके होती. मेलेला मासा एकही नव्हता. मी तो शोधलाही नव्हता. पेनाला टोपण लावले आणि पंचांना बोलावणे धाडले.

पंचांसमोर मुद्देमालाचे सील तोडले. एक डबा हातात घेतला. त्याच्या तोंडावर डांबराचा जाड थर होता, घट्ट वाळलेला, आणि डांबरावर वाळलेले हिरवे शेवाळ. सहाच्या सहा डबे तसेच. शेवाळ एका रात्रीत धरत नाही. एक डबा कापला, तर आतून कोरडा ठणठणीत निघाला, तळाला नुसता गंज. आमच्याकडे कपाशीच्या गावात औषधाचा डबा संपला की फेकला जात नाही. कोणी त्यात रॉकेल ठेवतो, कोणी परसाकडे नेतो, नानाने त्यांची तोंडे डांबराने बंद करून ते जाळे तरंगवायला बांधले होते. पाण्यावर जाळे धरून ठेवायला डबे, खाली ओढायला शिसे. जबाब शब्दन् शब्द खरा होता. मी डबा पाहिला होता, डब्याचे तोंड पाहिले नव्हते.

पण मग बदके कशाने मेली? ते कळेपर्यंत गाव ऐकणार नव्हते, आणि कोर्टाच्या वेळेला तीन तास उरले होते. तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्याचे डॉक्टर माझ्या ओळखीचे होते. जीप ढकलून चालू केली आणि त्यांना घराच्या ओसरीवरून उचलले.

"अहो, मी बैल-म्हशींचा डॉक्टर," ते वाटेत कुरकुरत होते. "बदकाचं मला काय कळतंय?"

"माझ्यापेक्षा जास्त कळत असेल," मी म्हटले.

तलावाच्या पाळेवर पोते अंथरून त्यांनी पहिले बदक उताणे केले. लांब टोकदार शेपटीचे होते, तलवार बदक म्हणतात तसे. त्यांनी छातीवरून बोट फिरवले आणि त्यांची कुरकुर थांबली. "फौजदार, हात लावून बघा." मी लावला. छातीचे हाड सुरीच्या धारेसारखे लागले, वर मांस असे नव्हतेच. "हे विष पिऊन तासाभरात मेलेलं नाही. विषाने मेलं असतं तर अंगाने भरलेलं असतं. हे दिवसेंदिवस उपाशी झुरून मेलंय. समोर दाणा असताना."

"पण मासे तर भरपूर आहेत," जमादार म्हणाला.

"हे मासे खात नाही. तळातल्या गवताचं बी आणि मुळं खातं," डॉक्टर म्हणाले. मी जमादाराकडे पाहिले नाही, त्यानेही माझ्याकडे पाहिले नाही. आमचा हेतू तिथेच संपला.

डॉक्टरांनी पोट फाडले. पक्ष्याला दात नसतात. पोटात एक जाड मांसल पिशवी असते, तीत बारीक खडे साठवून तो दाणे दळतो. डॉक्टरांनी ती पिशवी चिरून परातीत झटकली. वाळूचे खडे पडले आणि त्यांच्यात काही काळे, चकचकीत दाणे. घासून घासून मसुरीच्या डाळीसारखे चपटे झालेले.

"शिसं," डॉक्टर म्हणाले. "छर्रे. खडे समजून गिळलेत. दळताना झिजतात, रक्तात उतरतात, मग पोटच चालत नाही, पंख उचलत नाहीत." दुसऱ्या बदकातही तेच निघाले. तिसऱ्याच्या पोटात काही नव्हते, पण पंखाच्या हाडात एक छर्रा रुतलेला होता आणि भोवतीचे मांस सडलेले होते. कुठल्यातरी रविवारी तो लागला होता आणि ते तसेच उडून गेले होते. "पण एवढं शिसं आलं कुठून?" डॉक्टरांनी विचारले.

उत्तर मला माहीत होते. अक्का आमच्यामागे उभी होती. कोणी न सांगता ती टोपले घेऊन उगवतीच्या उथळ पाण्यात गुडघाभर शिरली, तळातला गारा दोन्ही हातांनी उपसून टोपल्यात घेतला आणि सोनाराच्या दुकानाबाहेरची माती धुणारे धुतात तशी गोल गोल धुऊ लागली. चिखल वाहून गेला. टोपले तिने माझ्यापुढे धरले. तळाशी छर्रे होते, मूठभर. काही नवे, काही इतके जुने की पांढरे पडलेले.

"उन्हाळामा पानी आटनं म्हंजे मी दोन-दोन महिना धुस," ती म्हणाली. "तरी सरत नही."

दोन पंच बघत होते, पोलीस पाटील बघत होता, गावातली दहा-वीस माणसे बघत होती. दोन पिढ्या दर हिवाळ्यात एकाच जागेवरून, एकाच उथळ पाण्यावर शिसे पडत आले होते, आणि बदके तिथेच चरत आली होती. माझे दोन बार हवेत गेले असे मी वर्षभर हसत सांगत होतो. हवेत गेलेला बार हवेत राहत नाही. मला त्या क्षणी माझी फार लाज वाटली.

साडेनऊला ठाण्यात परतलो, तर साक्षीदार म्हणून कोर्टात यायला शेठ कोट घालून तयार बसले होते. मी चहा मागवला. मोठ्या माणसाला विचारताना आधी चहा द्यावा, म्हणजे त्याचे हात आपल्याला दिसतात.

"शेठ, डबा सोडताना तुम्ही पाहिलं?"

"पाहिलं की."

"बूच काढलेलं होतं?"

"लांबून बूच कसं दिसणार, साहेब?"

"डब्यातून काही ओतताना पाहिलं?"

"ओततच असणार. नाहीतर कशाला..."

"असणार नको. पाहिलं का?"

बशीतला कप वाजला. "नाही," शेठ म्हणाले. "पाहिलं नाही." मग त्यांनीच पुढे सांगितले. "दोन वर्षं त्याला सांगतोय, रविवारी आमच्या कोपऱ्यात जाळं लावू नको, बदकं उठतात. ऐकत नाही. बदकं मरताना पाहिली आणि मला वाटलं, यानेच मारली. वाटलं म्हणजे... वाटून घेतलं."

मी तलावावरून आणलेले छर्रे कागदावर ओतले. बंदूकवाला माणूस तो. बघताच म्हणाला, "चार नंबर. आमचाच." मग त्यातला चपटा झालेला दाणा चिमटीत उचलला. "हा असा कसा झाला?"

मी सांगितले. पोटातली पिशवी सांगितली, झुरून मरणे सांगितले, पंखात सडलेला छर्रा सांगितला. शेठ तो दाणा बोटांत फिरवत होते.

"आम्ही पडलेली मोजतो, साहेब," ते शेवटी म्हणाले. "उडालेलं गेलं म्हणतो. आमचे वडील सांगायचे, तलाव काळा दिसायचा. आम्ही म्हणायचो, मासेवाल्यांनी हाकलली." चहा तसाच निवत राहिला. त्यांनी सुधारलेल्या जबाबावर सही केली. बाकी माणूस कसाही असो, सही करताना त्याने घासाघीस केली नाही, हे लिहून ठेवले पाहिजे.

रिमांडचा कागद मी फाडला. पुरावा नाही म्हणून नानाला जातमुचलक्यावर सोडल्याचा अहवाल लिहिला आणि हवालदाराबरोबर कोर्टाला पाठवला. जीप निघून गेली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. आणखी दीड तास गेला असता तर एक निरपराध माणूस माझ्या सुंदर अक्षरात जेलात गेला असता, आणि दोन महिन्यांनी अहवाल येईतो त्याचे घर जागेवर नसते. मी खुर्चीत नुसता बसून होतो. जमादाराने न सांगता स्वतःच्या हाताने नानाला चहा नेऊन दिला. जमादाराची माफी मागायची रीत तेवढीच.

नानाचा अंगठा घेतला, डबे आणि गाडगे परत केले. अक्काने भाकर सोडली, दोघांनी ठाण्याच्या ओट्यावर बसून खाल्ली. मग नाना उठून माझ्या टेबलासमोर आला.

"सायेब, कागद द्या."

"कसला कागद?"

"मी काहीच करं नही, अशा. गाव बसनार शे दुपारले. दाखाडाले लागी."

मी कपाटाकडे पाहिले. तिथे अटकेचा नमुना होता, झडतीचा होता, जबाबाचा होता, मुद्देमालाचा होता. जमादार खालच्या आवाजात म्हणाला, "साहेब, असा नमुना नाही आपल्याकडे." खरेच नव्हता. माणसाने गुन्हा केला आहे असे सांगायला आमच्याकडे कपाटभर कागद होते, केला नाही असे सांगायला एक चिटोरा नव्हता.

मी टोपी घातली. "चला, मीच येतो."

चावडीवर गाव बसले होते. नाना आमच्याबरोबर येतोय म्हटल्यावर कुजबूज झाली. डॉक्टरांनी समजावून सांगितले, मी समजावून सांगितले, पंचांनी स्वतः पाहिलेले सांगितले. लोक ऐकत होते, पण चेहरे खुलत नव्हते. एका म्हाताऱ्याने विचारले, "मंग ते शिसं पानीमाच शे ना, सायेब? ते आमना पोटमा जाई." डॉक्टर म्हणाले, छर्रे गाऱ्यात बसलेत, उगवतीच्या कोपऱ्यात, तुम्ही पाणी भरता मावळतीला. पाण्यात विष नाही. म्हातारा म्हणाला, "तुम्ही ते ठाणाले हापशीनं पानी पितस." कोणी हसले नाही.

यावर भाषणाचा उपयोग नव्हता. मी अक्काला तांब्या भरून आणायला सांगितले. "मावळतीचाच," मी म्हटले. ती गेली आणि आली. सगळ्या गावापुढे मी तो तांब्या तोंडाला लावला आणि सगळा संपवला. खरे सांगतो, पिताना भीती वाटली. डॉक्टर शेवटी बैल-म्हशींचेच होते. पाणी गार होते, किंचित शेवाळाच्या वासाचे. तांब्या खाली ठेवला आणि उभा राहिलो. आबांनी माझ्याकडे पाहिले, तांब्याकडे पाहिले आणि अक्काला म्हणाले, "आनखी आन, अक्का. माले बी." त्यांनी प्यायल्यावर त्यांच्या शेजारच्याने मागितला. मग कोणी मागायचे थांबलेच नाही. अक्का तीनदा तलावावर जाऊन आली. चौथ्यांदा निघाली तेव्हा आठ-दहा बाया घागरी घेऊन तिच्याबरोबर चालू लागल्या. ठेक्याचा विषय त्या दिवशी कोणी काढला नाही, पुढेही काढला नाही.

दोन महिन्यांनी अहवाल आला. पाण्यात कीटकनाशक नव्हते. शेठ त्या हंगामात पुन्हा तलावावर आले नाहीत. पुढे शिकारच बंद झाली, ते बरे झाले. गाऱ्यात पडलेले शिसे मात्र कायद्याने बाहेर येत नाही. आणखी काही हिवाळे उगवतीच्या कोपऱ्यात बदके मरत राहिली, मग हळूहळू कमी झाली, असे पोलीस पाटील भेटला की सांगत असे. अलीकडे शिरपूरला एका लग्नाला जाताना मी वाट वाकडी करून तलावावर गेलो होतो. बदके होती. किती होती ते मी मोजले नाही.

या केसने मला बदके शिकवली, शिसे शिकवले, डब्याचे तोंड बघायला शिकवले. पण पुढच्या नोकरीत मी सगळ्यात जास्त पाळली ती गोष्ट वेगळी. जिथे जिथे कोणाला पुरावा नाही म्हणून सोडले, तिथे त्याला घरी पोचवायला मी स्वतः गेलो. वर्दीत, दिवसाउजेडी, गावाच्या मधल्या रस्त्याने. माणसाला पकडून नेताना सगळे गाव बघते. त्याला परत आणतानाही गावाने बघितले पाहिजे.